नाक मोठे का दिसते?

हौशी छायाचित्रकारांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत एक वाक्य हमखास आढळते : ‘चांगली व्यक्तिचित्रे काढायची, तर फुल फ्रेम मिररलेस कॅमेराच घ्या.’ पगारातून पैसे बाजूला टाकून मुलांचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्या शिक्षकाला हा सल्ला बराच महाग पडू शकतो. म्हणून तो विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहायला हवा.

प्रथम चेहऱ्याची प्रमाणबद्धता घेऊ. समजा, नाकाचे टोक कानाच्या १२ सें.मी. पुढे आहे. कॅमेरा नाकापासून ४० सें.मी.वर धरला, तर कान ५२ सें.मी.वर असतील. वस्तू जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ५२ ÷ ४० = १.३ पट मोठे उमटेल. आता कॅमेरा दीड मीटरवर न्या. हेच गुणोत्तर १६२ ÷ १५० = १.०८ होते आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. या गणितात कॅमेऱ्याची किंमत कोठेच आली नाही! ‘लांब नाभीय अंतराचे भिंग चेहरा खुलवते’ हेही अर्धसत्यच. ते भिंग आपल्याला दूर उभे राहूनही चौकट भरू देते, एवढेच.

दुसरा दावा धूसर पार्श्वभूमीचा. फुल फ्रेम संवेदक ३६ × २४ मि.मी.चा, तर एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मि.मी.चा असतो. त्यामुळे पहिल्यावर ८५ मि.मी.चे भिंग जेवढे दृश्य टिपते, तेवढेच दुसऱ्यावर ५६ मि.मी.चे टिपते. अंतर आणि चौकट तीच ठेवली, तर धूसरता ठरते ती भिंगाच्या छिद्राच्या व्यासावर. ८५ ÷ १.८ आणि ५६ ÷ १.२, दोन्हींचे उत्तर सुमारे ४७ मि.मी.! मात्र एफ/१.२ची भिंगे बहुधा एफ/१.८च्या भिंगांपेक्षा महाग असतात. तेव्हा तुलना करावी ती कॅमेरा आणि भिंग यांच्या एकत्रित किमतीची.

मग आरसा काढून टाकल्याने साधले काय? आरशाच्या कॅमेऱ्यात केंद्रीकरणाचे मापन एका वेगळ्या संवेदकावर होते. त्याची जुळणी किंचित चुकली, तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. २००८ साली पॅनासोनिकच्या जी१ने सुरू झालेल्या मिररलेस पिढीत, ज्या संवेदकावर चित्र उमटते त्यावरच हे मापन होते. दीड मीटरवरून ८५ मि.मी., एफ/१.८ने घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३ सें.मी.चा असतो. चुळबुळणाऱ्या मुलाचा डोळा त्या पट्ट्यात राखायचा, तर डोळा ओळखून त्याचा माग घेणारी यंत्रणा खरोखर उपयोगी पडते. खरेदीत पहिला मान तिचा. सल्ले देणारे मात्र तो मेगापिक्सेलना देतात.

दुकानात जाण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करा. मोबाइलच्या एकाच कॅमेऱ्याने, झूम न करता, एका विद्यार्थ्याचा फोटो ४० सें.मी.वरून आणि दुसरा दीड मीटरवरून काढा. दुसरा फोटो कापून चेहरा पहिल्याएवढा करा आणि दोन्हींतील नाकाची रुंदी पट्टीने मोजा. फरक दिसला, की निम्मा सल्ला विद्यार्थ्यांनीच तपासला असे समजा.