दुष्काळातला शेजारधर्म

संकटकाळी परक्यासाठी झिजलेल्या माणसांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. पण त्यांत भक्ती जितकी आढळते तितकी चिकित्सा आढळत नाही. चरित्रनायक एकदा देवमाणूस ठरला, की त्याच्या त्यागाची किंमत आणखी कोणी मोजली, ज्याच्यासाठी तो केला त्याचे पुढे काय झाले, हे विचारणे म्हणजे जणू कृतघ्नपणाच. ख्रिस्ती सेवकांच्या चरित्रांना हा दोष दुहेरी लागला आहे. त्यांच्या बाजूचे लेखक गुण गातात. विरुद्ध बाजूचे धर्मांतराचा जमाखर्च मांडतात. या दोघांच्या मध्ये जो माणूस उपाशी पडला होता, तो दोघांच्याही लेखणीतून निसटतो.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती येशूने सांगितली ती एका शास्त्र्याच्या, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसाच्या, प्रश्नावरून, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. त्याने शेजाऱ्याची व्याख्या मागितली होती. व्याख्या मागण्यात वकिलाचा हेतू बहुधा एकच असतो: कर्तव्य कोठे संपते ते कळावे. उत्तरात त्याला व्याख्या मिळाली नाही. शेजारी कोण हे सोडून शेजाऱ्यासारखे वागला कोण, असा उलट प्रश्न मिळाला. २०१९ साली आपल्या मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम आले. कायद्याची धाव तेथवरच. धावून येणाऱ्याला तो अभय देऊ शकतो. त्याला धावून यायला लावू शकत नाही.

आमच्या कोंकणी वाचकांना प्रिय असलेले जोसेफ वाझ यांचे उदाहरण प्रथम घेऊ. बाणावलीस १६५१ साली जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री डचांच्या बंदीस न जुमानता वेष पालटून सिंहलद्वीपात शिरला. १६९७ साली कँडीत देवीची साथ उसळली, राजा नि धनिक शहर सोडून गेले, रोग्यांना त्यांच्याच माणसांनी रानात टाकले. तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे कार्वाल्यो यांनी ओस घरांतून रोग्यांची शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. त्यांत बौद्ध आणि ख्रिस्ती असा भेद केला नाही. २०१५ साली त्यांना संतपद मिळाले. परंतु त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडल्याच्या कथेचा भाविक लेखकांना मोह पडतो, आणि देवीच्या फोडांवर फिरलेला हात त्या मानाने मागे पडतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. पाऊस पडला असेल तर तो देवाने पाडला; फोड मात्र माणसाने धुतले.

गुजराती लोक ज्याला अजून ‘छप्पनियो’ म्हणून ओळखतात, तो संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा दुष्काळ. या प्रांताशी पंडिता रमाबाईंचे नाते जडले ते त्या दुष्काळात. त्यापूर्वी १८९६-९७ साली मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या होत्या. आता गुजरातेतून शेकडो आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दीड हजारावर गेली. हे धाडस कोठून आले? १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंनी स्वतः उपास काढले होते. वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गमावली होती. म्हणून त्यांच्या करुणेत वरून खाली पाहणाऱ्या दात्याचा भाव नाही. उपाशी मुलीत त्यांना आपणच दिसत होत्या.

आता आक्षेप. अन्नाच्या आशेने आलेल्या मुलीने स्वीकारलेला धर्म खरोखर तिच्या इच्छेचा मानावा काय? हा प्रश्न द्वेषमूलक म्हणून झटकता येणार नाही. १८७२च्या करार कायद्याचे सोळावे कलम शारीरिक वा मानसिक हलाखीने ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही, त्याच्याशी केलेल्या व्यवहाराकडे संशयाने पाहते. तोच न्याय येथे लावला, तर रमाबाईंचे समर्थक गप्प बसतील. आपल्या मुली ख्रिस्ताकडे याव्यात ही इच्छा रमाबाईंनी लपविली नव्हती. शारदासदनावरून १८९३ साली वाद पेटला आणि रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले ते यामुळेच.

तथापि संशय म्हणजे निकाल नव्हे. व्यवहारात देणारा मोबदला घेतला की मोकळा होतो. येथे उलट झाले. दुष्काळ सरल्यावर सरकारी खडीफोड बंद झाली. केडगावचे दार बंद झाले नाही. मुली छापखाना, विणकाम, शेती शिकल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी मिळाली. शिवाय १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची हेळसांड झाली, तेव्हा ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड लिहिले. त्यांच्या धर्मप्रचाराशी आमचा मतभेद राहील. त्यांच्या प्रेमाला सौदा म्हणणे मात्र पुराव्यास धरून होणार नाही.

या त्यागाचे एक अंग टीकाकारांनी दुर्लक्षिले आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तिने बायबलाचे भाषांतर करताना मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासले; पण आपली संस्कृत विद्या बाजूस ठेवून अडाणी बाईस कळेल अशी मराठी पत्करली. त्या भाषेत लालित्य कमी आहे, हे खरे. पण दागिना विकून धान्य घ्यावे तसे ते आहे, आणि ज्यांच्यासाठी ते विकले त्याच मुलींच्या हातांनी छापखान्यात तिचे खिळे जुळले.

ज्या एका ग्रंथाने त्यागाचा पुरा हिशेब ठेवला तो लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’. तो १९३४पासून भागशः प्रसिद्ध झाला. टिळक देणारे, हातात असेल ते देऊन मोकळे. पण घरात काय शिजवायचे आणि आणलेल्या अनाथ पोराला कोठे निजवायचे, हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. त्या नवऱ्यावर रागावतात, त्याची थट्टा करतात, आणि अखेर ते मूल पोटाशी धरतात. या रागामुळेच त्यांच्या प्रेमावर आमचा विश्वास बसतो. जेथे कोणी कुरकुरतच नाही, तेथे चरित्रकाराने काही झाकले आहे असे खुशाल समजावे.

२००६च्या ऑगस्टात उकाईच्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. अशा वेळी माणसे शेजारी होतात. पूर ओसरला की पुन्हा परकी होतात. आमच्या चलथाणला साखरेच्या हंगामात खानदेशातून ऊसतोडीची बिऱ्हाडे येतात, शेताच्या बांधावर झोपड्या टाकतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. त्यांच्यावर ना महापूर कोसळलेला असतो, ना दुष्काळ जाहीर झालेला असतो. म्हणून आमच्यासारखे व्याख्या मागणारे लोक स्वस्थ बसतात. रमाबाईंचे आणि वाझांचे चरित्र नव्याने लिहावयास जो कोणी बसेल, त्याने आपत्तीच्या वर्णनाला चार पाने कमी द्यावीत आणि आपत्तीनंतरच्या वर्षांना दहा पाने अधिक द्यावीत. प्रेमाची परीक्षा तेथेच होते.