आधी परीक्षण की आधी पिक्चर?

मुलीसाठी स्थळ बघायला जाण्याआधी जशी आपण चार ठिकाणी चौकशी करतो, तशी सिनेमाला जाण्याआधी मी परीक्षणांत चौकशी करायचो. रविवारची पुरवणी आली की घरातले बाकीचे आधी राशिभविष्य वाचत, मी चित्रपट परीक्षण. हेतू दोघांचाही एकच. येणारं संकट आधी कळलेलं बरं!

आणि तुम्हीच सांगा, त्यात चूक काय होतं? घरात खाणारी तोंडं पाच. पाच तिकिटं, जातायेता रिक्षा, मध्यंतरातले वेफर्स, शिवाय धाकट्याने एक बाटली सांडली की दुसरी. एवढा खर्च करून डोकेदुखी विकत आणायची, त्यापेक्षा वर्तमानपत्र स्वस्त.

वाचून वाचून मला परीक्षणाची भाषाही यायला लागली. ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ म्हणजे गोष्टीत दम नाही. ‘कलाकारांनी मेहनत घेतली आहे’ म्हणजे ती पडद्यावर दिसते आहे. ‘एक वेगळा प्रयत्न’ म्हणजे थिएटरात तुम्ही आणि डोअरकीपर दोघेच. काही परीक्षक तर फारच उदार. नायकाच्या बालपणापासून खलनायकाच्या अटकेपर्यंत सगळी हकिकत सांगतात आणि शेवटी लिहितात, ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहावे.’ अहो, पुढे काय होणार? दिवे लागतात आणि लोक चपला शोधतात!

बरं, हा सल्ला तरी दर वेळी बरोबर असावा? ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला, तेव्हा बऱ्याच परीक्षकांनी नाकं मुरडली होती. आमच्या एका शेजाऱ्यांनी तर ती परीक्षणं वाचून आगाऊ काढलेली तिकिटं मेहुण्याला देऊन टाकली. मेहुणा अजून उपकार मानतो आणि शेजारी अजून विषय बदलतात. मुंबईच्या मिनर्व्हात तो सिनेमा पाच वर्षं चालला. गंमत म्हणजे फिल्मफेअरवाल्यांनीही त्याला एकच पारितोषिक दिलं, तेही संकलनाचं, आपल्या एम. एस. शिंद्यांना. त्याच वर्षी आलेल्या ‘जय संतोषी माँ’ला तर बायका चपला बाहेर काढून जात. त्यांनी कुठलं परीक्षण वाचलं होतं?

पण परीक्षकांवर तरी किती रागवायचं? बिचारा एकदाच बघतो आणि लगेच लिहायला बसतो. 1960 साली हिचकॉकने ‘सायको’ परीक्षकांना आधी दाखवलाच नाही. त्यांनीही लोकांबरोबर बसूनच तो पाहिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर यांना तो तेव्हा बेताचाच वाटला. वर्ष संपता संपता त्यांनीच तो त्या वर्षीच्या उत्तम दहा चित्रपटांत घातला. मत बदलायला परीक्षकालाही वेळ लागतो. आपण मात्र त्याच्या पहिल्या रात्रीच्या मतावर आपली संध्याकाळ रद्द करतो.

मी एकदा तशी केली. माझी नव्हे, आईची.

आईने आयुष्यात स्वतःहून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातली एक म्हणजे एक मराठी सिनेमा. “अरे, तो सिनेमा लागलाय म्हणे. नेशील का एकदा?” मी लगेच पुरवणी काढली आणि परीक्षण मोठ्याने वाचून दाखवलं. ‘भडक’, ‘बाळबोध’, ‘निव्वळ रडारड’. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असू दे मग. तुम्हां शिकलेल्यांना जास्त कळतं.” पुढच्या शुक्रवारी सिनेमा उतरला.

काही वर्षांनी तोच सिनेमा एका शनिवारी दूरदर्शनवर लागला. त्या एवढ्याशा पडद्यासमोर आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. रडारड अगदी परीक्षणात लिहिली होती तिथेच आली. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. सौभाग्यवतींनी विचारलं, “अहो, डोळे का लाल?” म्हटलं, “कांदा.” ती म्हणाली, “तो मी सकाळीच चिरलाय.”

सिनेमा संपल्यावर आई एवढंच म्हणाली, “मोठ्या पडद्यावर छान वाटलं असतं, नाही?” त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तो परीक्षक खोटं बोलला नव्हता. सिनेमात रडारड होतीच. फक्त आईला रडायचं होतं आणि हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. तरी आईच्या खुर्चीवर मी त्याला नेऊन बसवलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला. स्तुती आधी वाचावी, निंदा नंतर. लहान सिनेमाजवळ पोस्टरांना पैसे नसतात. चांगलं परीक्षण हीच त्याची जाहिरात. ते वाचून आपण गेलो नाही तर त्याला कोण जाणार? निंदा मात्र घरी परतल्यावर, चहा घेत वाचावी. सिनेमा आपण पाहिलेला असतो, त्यामुळे भांडायला मजा येते. आणि परीक्षक उलट बोलत नाही, ही सोय घरातल्या इतर कुणाशी भांडताना मिळत नाही.

आता तर परीक्षण वाचायचेही कष्ट नाहीत. मोबाईलवर नुसते तारे येतात. परवा सगळे तयार होऊन निघालो, तर नातू दारातच थबकला. “आजोबा, याला दोनच तारे आहेत.”

मी चप्पल घालत म्हटलं, “बाकीचे येताना आकाशात बघू. तू रिक्षा बोलाव.”