‘रानमिरची’ : एका नावाची चिकित्सा

जैवविविधता अधिनियम २००२ साली संमत झाला आणि त्यानंतर गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवही सिद्ध करण्याचे काम आले. नोंदवहीच्या नमुन्यात स्थानिक नावाचा रकाना आहे व त्याला लागूनच शास्त्रीय नावाचा रकाना आहे. पहिला रकाना गावातील कोणतीही जाणती बाई भरू शकते; दुसऱ्यासाठी बाहेरचा माणूस लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली तेव्हा देशभर नोंदवह्या पुऱ्या करण्याची घाई उडाली. घाईत पहिल्या रकान्यावरून दुसऱ्या रकान्यात उडी मारण्याचा मोह फार असतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात ‘रानमिरची’ हा एकच शब्द घेतला, तरी ही उडी किती धोक्याची आहे ते कळून येते.

प्रथम ‘रान’ या पदाचा विचार करणे अवश्य आहे. देशावरचा शेतकरी ‘रानात गेलो’ म्हणतो तेव्हा तो आपल्या शेतात गेलेला असतो. वैदर्भीय शेतकऱ्याच्या तोंडी शेताला ‘वावर’ हा शब्द आहे आणि ‘रान’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर झाडी उभी राहते. तेव्हा ‘रानमिरची’ हा शब्द कोणी उच्चारला आणि कोणी लिहून घेतला, यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. वनस्पतींच्या नावांत तर या उपपदाचा अर्थ आणखी डळमळीत होतो. रानहळद ही खरोखरच हळदीच्या प्रजातीतील वन्य वनस्पती आहे. रानकांदा मात्र कांद्याच्या प्रजातीतील नव्हे; त्याचा कंद कांद्यासारखा दिसतो एवढेच. रानकेळही लागवडीच्या केळीहून वेगळ्या प्रजातीचे आहे. म्हणजे ‘रान’ हे उपपद कधी सगोत्र वन्य वनस्पतीला लागते, कधी केवळ सारखेपणामुळे लागते, आणि कधी वाडीतून सुटून कुंपणाबाहेर रुजलेल्या झाडालाही लागते. शेजारच्या हिंदी प्रदेशात तर ‘जंगली कालीमिर्च’ नावाची एक काटेरी वेल आहे, तिचे कुळ लिंबाचे. बोलण्याच्या ओघात त्यातील ‘काली’ गळले, की लिंबाच्या कुळातील वेल आणि मिरचीचे झाड एकाच नावाखाली येऊन बसतात. मुळात ‘मिरची’ हा शब्दच मिरीवरून आलेला असल्यामुळे या गोंधळाला जुनी परंपरा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘रानमिरची’ म्हणून दाखविलेले झाड खरोखर मिरचीच आहे असे गृहीत धरले, तरी पुढचा प्रश्न उरतोच. मिरचीची प्रजाती अमेरिका खंडातील आहे. तिच्या समग्र वर्गीकरणाचा जो ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाला त्यात ४३ जाती मानल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही भारताची मूळ रहिवासी नाही. लागवडीत आलेल्या जाती पाच : अॅन्युअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्से, बॅकेटम व प्युबेसेन्स. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची या देशात आली. वैनगंगेच्या खोऱ्यात ती कोणत्या वाटेने पोहोचली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु एटापल्ली वा भामरागडच्या झाडीत आज जी मिरची सापडेल, तिच्या वंशावळीत कोठेतरी माणसाचा हात आहेच. ‘रानमिरची’चे ‘वन्य मिरची’ असे भाषांतर करून त्यावरून एखाद्या वन्य जातीचे नाव लिहिणे हे म्हणूनच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चूक होय.

गावकऱ्याचा शब्द मात्र चुकीचा ठरत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बारीक, उभ्या देठाची, पिकताच हलक्या ओढीने देठापासून सुटणारी लाल मिरची पाखरांना फार सोयीची असते. मिरचीतील तिखट द्रव्याची आग सस्तन प्राण्यांना जाणवते, पक्ष्यांना ती जाणवत नाही. अॅरिझोनातील वन्य मिरचीवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की उंदरासारखे प्राणी तिखट फळ टाळतात, पक्षी ते खातात आणि पक्ष्यांच्या पोटातून गेलेले बी रुजण्यास समर्थ राहते. सांदवाडीतील झाडावरचे फळ बुलबुलाने खाल्ले आणि धुऱ्यावरच्या बोरीखाली बी टाकले, की तेथे कोणी न लावलेले झाड उभे राहते. कोणी न लावलेल्या झाडाला ‘रानचे’ म्हणणे यात भाषेचा काही दोष नाही. दोष आहे तो या शब्दाला शास्त्रीय परिभाषेतील ‘वन्य’ या संज्ञेशी समान मानणाऱ्याचा. वन्य जात वेगळी आणि वनात गेलेले लागवडीचे वाण वेगळे. मराठी परिभाषेने या दोहोंसाठी दोन निराळे शब्द रूढ करावयास हवे होते.

शास्त्रीय नावाचा रकानाही काही अपौरुषेय नाही. लिनीअसने १७५३ साली अॅन्युअम व फ्रुटेसेन्स अशा दोन जाती सांगितल्या. जाकॅन याने १७७६ साली एका जातीस चीनवरून नाव दिले. ती जात अमेरिकेचीच, परंतु नाव मात्र नियमाप्रमाणे आजतागायत टिकून आहे. १८९८ मध्ये आयरिश याने सर्व लागवडीच्या मिरच्या दोन जातींत बसविल्या, तर १९२३ मध्ये बेली याने त्या सर्वांची एकच जात केली आणि तिला फ्रुटेसेन्स म्हटले. १९५१ पासून स्मिथ व हायझर यांनी संकरांचे प्रयोग करून ही एकजात पुन्हा फोडली. याचा व्यवहारातील अर्थ असा, की पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन पुस्तकांतील ‘फ्रुटेसेन्स’ हे एकच नाव दोन भिन्न गोष्टी दाखवू शकते. जुन्या भारतीय ग्रंथांतील ‘मिनिमम’ हे नाव तर आज वापरातूनच गेले आहे. चांदा जिल्ह्याच्या अभ्यासकाची आणखी एक अडचण : थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, पण चांदा तेव्हा मध्यप्रांतात होता. पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासकाला जो जुना आधार सहज मिळतो, तो या भागाला लाभलेला नाही.

मोठ्या संस्थांचीही या बाबतीत फसगत होते, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. तेजपूर येथील संरक्षण प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००० साली ईशान्य भारतातील एका मिरचीचा तिखटपणा ८,५५,००० स्कोव्हिल एकक इतका असल्याचे जाहीर केले आणि तिची गणना फ्रुटेसेन्स जातीत केली. पुढे भूत जोलोकिया या नावाने ही मिरची जगप्रसिद्ध झाली. २००७ साली न्यू मेक्सिकोतील बॉसलँड व बराल यांनी ती वाढवून, तिची बाह्य लक्षणे व जनुकीय खुणा तपासून, ती चायनेन्से जातीची असून तिच्यात फ्रुटेसेन्सचा काही अंश मिसळला असल्याचे दाखविले. तिखटपणाचे मोजमाप अचूक असूनही जात चुकली, ही गोष्ट बोधप्रद आहे. रसायनाची नळी फळाचा स्वभाव सांगते, कूळ सांगत नाही.

कूळ सांगते ते फूल. आणि फूल पाहावयाचे तर झाड वाढविणे भाग आहे. बाजारातून आणलेल्या वा कोणी हातावर ठेवलेल्या फळावरून मिरचीची जात ओळखण्याचा प्रयत्न बहुधा निष्फळ ठरतो. बारीक, उभे, लाल फळ हे अॅन्युअमच्या वन्य प्रकाराला असते, फ्रुटेसेन्सला असते आणि बॅकेटमच्या वन्य प्रकारालाही असते. फुलाकडे वळले की गोष्टी उलगडू लागतात. अॅन्युअममध्ये बहुधा एका पेऱ्यावर एकच फूल येते व पाकळ्या स्वच्छ पांढऱ्या असतात. फ्रुटेसेन्समध्ये एकेका पेऱ्यावर एक, दोन वा क्वचित तीन फुले असतात, देठ ताठ उभा राहून फूल मात्र खाली झुकते, आणि पाकळ्यांत हिरवट छटा असते. चायनेन्सेमध्ये एका पेऱ्यावर दोन वा अधिक फुले येतात आणि फळ पक्व होताना देठ व पुष्पकोश यांच्या सांध्यावर वळ्यासारखी एक खाच दिसते. हीच तिची सर्वांत विश्वसनीय खूण. बॅकेटमच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळसर हिरवे ठिपके असतात. प्युबेसेन्सचे फूल जांभळे आणि बी काळे. थंड डोंगराळ हवेतील ही जात चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तग धरील ही अपेक्षाच चुकीची आहे.

यांतील पुष्कळशा खुणा वाळविलेल्या नमुन्यात नाहीशा होतात. पाकळ्यांचा रंग उडतो, ठिपके पुसट होतात, परागकोशांची निळसर छटा ओळखू येत नाही, देठाचा ताठपणा कागदाखाली दबून जातो. त्यामुळे फूल उमलले त्याच दिवशी त्याचे वर्णन टिपणे हे नमुना दाबण्याहून अधिक महत्त्वाचे ठरते. दुसरी काळजी बियांची. मिरची स्वपरागित मानली जाते. परंतु कीटकांमुळे होणाऱ्या परपरागाचे प्रमाण निरनिराळ्या प्रयोगांत अत्यल्पापासून शेकडा ९० च्या घरापर्यंत नोंदले गेले आहे. धुऱ्यावरच्या झाडाचे बी घेऊन ते संकरित मिरचीच्या वाफ्याशेजारी वाढविले, तर पुढच्या पिढीत काय हाती येईल याचा भरवसा नाही. कळी उमलण्यापूर्वीच फांदीवर मलमलची पिशवी बांधणे हा साधा उपाय आहे. तिसरी काळजी सबुरीची. वन्य स्वभावाच्या मिरचीचे बी लवकर व एकसारखे उगवत नाही. काही बी आठवड्यात, तर काही महिन्याने वर येते. उगवण कमी झाली म्हणून वाफा मोडणारा मनुष्य त्या झाडाचे एक मुख्य लक्षणच फेकून देत असतो.

दुर्मिळ वन्य जातींची हौस अलीकडे वाढली आहे. चाकोएन्से, एक्सिमियम, गॅलापागोएन्से अशी नावे लिहिलेल्या पुड्या हातोहात फिरतात. पुडीवरचे नाव हे पाठविणाऱ्याचे म्हणणे असते, पुरावा नव्हे. शिवाय परदेशी बी आणण्यास वनस्पती-अलगीकरणाच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना लागतो. या विषयी एवढेच पुरे.

नावाची ही चिकित्सा कोणाला केवळ पंडिती वाटेल. गडचिरोलीपुरते तरी तसे म्हणता येणार नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तो मार्ग धरला. आपल्या झाडीत काय आहे याची नोंद ही तेथे मालकीच्या व्यवहाराची बाब झाली आहे. शेतकऱ्यांचे वाण त्यांच्या नावे नोंदविण्याची तरतूद २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात आहे. पण नोंदणीसाठी वाणाची वेगळी लक्षणे दाखवावी लागतात. नोंदवहीत ज्या मिरचीला ‘वन्य’ म्हटले गेले, तिच्यावर कोणा कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड त्या एका शब्दासरशी पुसली जाते. जे वाण माणसांनी राखले ते निसर्गाने आपोआप दिले, असा त्याचा अर्थ होतो. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीस भौगोलिक निर्देशांक मिळाला तो नाव, गाव आणि लक्षणे यांची सांगड घालता आली म्हणून.

दुसरीकडे हे वाण राखणारे हातच हंगामात घरी नसतात. चंद्रपूर व गडचिरोलीतील हजारो मजूर दरवर्षी मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. तेथे तोडतात ती व्यापारी वाणांची मिरची, आणि परतताना घरच्या वापरासाठी गोणीत येते तीही तीच. सांदवाडीतील बारीक मिरचीचे एखादे म्हातारे झाड वाळले, तर ते पुन्हा लावण्याची निकड मग कोणाला उरत नाही.

म्हणून शास्त्रीय नावाच्या रकान्यात फूल पाहिल्यावाचून ‘कॅप्सिकम’ या प्रजातिनामापलीकडे काही लिहू नये आणि पुढे ‘फूल पाहिलेले नाही’ असे स्पष्ट नोंदवावे. स्थानिक नाव जसे उच्चारले तसे लिहावे, त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. झाड कोणी लावले, की आपोआप उगवले. कोठे, वाडीत, धुऱ्यावर की झाडीत. बी कोण ठेवते. हे चार शब्द नावाहून अधिक मोलाचे आहेत. सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी एका हंगामात असे नमुने शेजारी शेजारी वाढवून पाहणे कठीण नाही. वाळविलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात आणि बी अकोल्याच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्रात पोहोचले, की दुसरा रकाना भरावा. तोवर तो कोरा राहिला तरी चालेल.