तुलना कशाशी?

विष्ठेतून औषध म्हटले की वर्गात आधी हशा पिकतो. तो ओसरला की एखादी मुलगी विचारतेच, ‘पण रोगी बरे होतात का?’ आपण शिक्षक मग एक आकडा सांगून मोकळे होतो: शंभरात ऐंशी. हा आकडा आला कोठून?

रोग असा. प्रतिजैविकांमुळे मोठ्या आतड्यातले नेहमीचे जीवाणू मारले गेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू फोफावतो. त्याच्या विषांमुळे तीव्र जुलाब होतात. व्हँकोमायसिनने तो मरतो, पण त्याचे बीजाणू उरतात आणि नेहमीचे जीवाणूही सावरत नाहीत. म्हणून काहींमध्ये रोग पुनःपुन्हा उलटतो. अशा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण नळीने सोडण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. त्याचा अहवाल २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला.

१६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेस बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनने १३ पैकी फक्त ४. फरक एवढा मोठा दिसला की १२० रुग्णांचा ठरलेला प्रयोग ४३ वरच थांबवला गेला. रुग्णांच्या दृष्टीने ते रास्तच होते. परंतु लवकर थांबवलेल्या प्रयोगात गुण आहे त्यापेक्षा मोठा दिसण्याचा धोका असतो. कोणाला काय मिळते आहे, हेही सर्वांना ठाऊक होते. माझा मुख्य आक्षेप मात्र तुलनेवर आहे. रोग उलटून आलेल्यांना पुन्हा प्रतिजैविकच दिले आणि त्याच्याशी नव्या उपायाची बरोबरी केली. हरणारा प्रतिस्पर्धी आधीच निवडल्यासारखे झाले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात निम्म्या रुग्णांना दात्याची आणि उरलेल्यांना स्वतःचीच विष्ठा दिली. कोणाला कोणती, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही. दात्याच्या विष्ठेने २२ पैकी २० बरे झाले. स्वतःच्या विष्ठेने? २४ पैकी १५! त्यातही न्यूयॉर्कच्या केंद्रात स्वतःच्या विष्ठेने सुमारे ९० टक्के बरे झाले, ऱ्होड आयलंडच्या केंद्रात ४३ टक्के. म्हणजे उपाय खोटा नाही. पण बरे झालेल्यांपैकी काही जण बहुधा आपोआपच सावरत होते. हे दोन्ही प्रयोग फळ्यावर शेजारी-शेजारी मांडले, तर ‘नियंत्रित गट’ म्हणजे काय हे व्याख्या न सांगताही मुलांना कळेल.

आकडा नुसता सांगण्यात आणखी एक धोका आहे. ऐंशी टक्के गुण आणि तोही ‘नैसर्गिक’, असे ऐकले की हा उपाय घरगुती वाटू लागतो. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, तो दोन रुग्णांमुळे. वेगळ्याच आजारांवरील प्रयोगांत त्यांना एकाच दात्याची विष्ठा दिली होती. तिच्यातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय त्यांच्या शरीरात गेला आणि एक रुग्ण दगावला. त्या जीवाणूसाठी ती विष्ठा तपासलेलीच नव्हती.