धर्मयोद्ध्याचे प्रेम आणि आचारसंहिता : शिवकालीन दंडक, ऐतिहासिक कादंबरी आणि भूमिकाक्रीडा

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि संवादातून कथा पुढे न्यायची, अशा अद्भुतरम्य भूमिकाक्रीडांत 'पॅलाडिन' या धर्मयोद्ध्याला विशेष स्थान आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात हे पात्र १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीतून आले. त्याचे नाव शार्लमेनच्या वीरांच्या कथाचक्रातले आहे. अशा योद्ध्याने प्रेम करावे की नाही, हा खेळाडूंमधील जुना वाद होय. वस्तुतः १९७८ च्या नियमपुस्तकात गॅरी गायगॅक्स यांनी त्याच्यावर घातलेली बंधने वेगळीच आहेत : उत्पन्नाचा दशमांश दान करावा, जादुई वस्तू मोजक्याच बाळगाव्यात, सोबती सत्प्रवृत्त असावेत; जाणूनबुजून दुष्कृत्य केल्यास त्याचे पद कायमचे जाते. ब्रह्मचर्याची अट त्यात कोठेही नाही. ती अनेक खेळाडूंनी आपल्या मनाने गृहीत धरली.

संहितेत नसलेले पावित्र्य वीराच्या अंगी जडविण्याची ही प्रवृत्ती मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. शिवकालीन लष्करी दंडक आणि त्यावर उभी राहिलेली कथा यांची तुलना केल्यास ते स्पष्ट होते.

राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत लष्कराचे नियम नोंदलेले आहेत. लष्करात बायको, बटीक वा कलावंतीण बाळगू नये, बाळगणाऱ्यास देहान्त शासन व्हावे, असा त्यांचा आशय आहे. हा उतारा वीराच्या इंद्रियनिग्रहाचा पुरावा म्हणून नेहमी सांगितला जातो. परंतु यादीतील पहिलाच शब्द बायको हा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. धर्मपत्नीचा सहवास हे पाप असल्याचे कोणतीही नीती सांगत नाही, आणि महाराज स्वतः गृहस्थाश्रमी होते. म्हणजे हा नियम शीलाचा नसून छावणीचा आहे. वेगाने हालचाल करणाऱ्या फौजेला कुटुंबकबिला परवडत नाही. नीतीचा खरा नियम त्याच्या शेजारी आहे : परमुलखात बायकापोरांना धरू नये. तेथे शिपायाने स्वतःला काय राखावे याचा प्रश्न नाही, त्याच्यापासून इतरांना काय राखावे याचा आहे.

चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेले महाराजांचे पत्र हीच दिशा दाखविते. दाणावैरण आत्ताच उधळली तर पुढे रयतेच्या घरातील धान्य, भाकर, गवत, लाकूडफाटा ओरबाडाल, आणि मग लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार त्यात आहे. कोणत्याही कल्पित धर्मयोद्ध्याच्या संहितेत उंदराला जागा मिळालेली मला आढळली नाही.

याउलट लोकप्रिय झाली ती कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा. कल्याण १६५७ साली स्वराज्यात आले. परंतु या प्रसंगाला समकालीन आधार नाही, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. तो खरा की खोटा, हा येथील विषय नव्हे. कथेची रचना पाहण्यासारखी आहे. समोर आणलेल्या स्त्रीला पाहून महाराजांना आपल्या मातोश्रींची आठवण होते, ती त्यांच्या रूपासंबंधाने. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला ज्यांच्या जन्मस्थानी लोक लोटतात, त्या जिजाऊंना या कथेत केवळ चेहरा आहे. माहेर आणि सासर यांच्या वैरात उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर आली, १६२९ मध्ये ज्यांचे वडील लखुजीराव आणि भाऊ देवगिरीच्या किल्ल्यात मारले गेले, त्या कर्तृत्ववान स्त्रीचे येथे काहीही उरत नाही. आणि त्या सुनेला तर एकही वाक्य नाही. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने'मध्ये या औदार्याला दोष दिला, इतरांनी ते गौरविले. दोन्ही पक्षांनी चर्चा केली ती पुरुषाच्या कृतीची.

हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या कादंबरीत हीच रचना विस्ताराने येते. सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारीला उदेभान पळवून कोंढाण्यावर आणतो. तानाजी मुलाचे लग्न बाजूला ठेवून गडाकडे निघतो. अभिलाषा सगळी खलनायकाच्या वाट्याला, कर्तव्य सगळे नायकाच्या. ही वाटणी सोयीची आहे, पण आपट्यांकडून ती खटकते. 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये विधवा यमूला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू देणारा हाच लेखक आहे. सामाजिक कादंबरीत विधवेला वाचा देणाऱ्या लेखणीने ऐतिहासिक कादंबरीत विधवेला पणाला लावलेली वस्तू केले. शौर्यकथेचा साचा लेखकाच्या विचारापेक्षा बलवत्तर ठरला, असेच म्हणावे लागते.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' (१९८५) हा आर्थरकथांवरील खेळ या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात शुचिता आणि कामुकता ही जोडी मिळून वीस गुणांची. एक वाढले की दुसरे घटते. प्रेम हा बळ देणारा आवेग आहे, पण फासा उलटा पडला तर वीर खिन्न होतो, कधी वेडाही होतो. तरीही प्रेयसी त्याच्या नोंदपत्रकावर एका आकड्याशेजारचे नाव म्हणूनच येते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिनला निरनिराळ्या शपथांतून एक निवडता येते, त्यात सूडाचीही शपथ आहे. मोकळीक वाढली, परंतु ती शपथ घेणाऱ्याची.

खेळाला बखरीपेक्षा एक सोय मात्र जास्त आहे. तेथे बंदी केलेल्या स्त्रीची भूमिकाही कोणीतरी घेऊ शकते, आणि मग तिला उत्तर देता येते. साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठविलेल्या त्या सुनेला विचारता येईल, की तिला जायचे कोठे होते. आणि कल्याणच्या त्या घराने तिला पुन्हा आत घेतले का, ज्याविषयी कथा काहीच सांगत नाही.