बरे झाल्यानंतरचा प्रदेश

आपल्या घरांतून कर्करोगाचे नाव सहसा उच्चारले जात नाही. ‘मोठा आजार’ म्हणतात; किंवा ‘परळला नेले आहे’, ‘टाटाला दाखवले आहे’ एवढ्यावरून ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे असते. रुग्ण लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर हे मौन अधिकच दाट होते. तिच्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्यांपेक्षा तिच्या भवितव्याविषयी कुजबुजणारेच पुष्कळ भेटतात. म्हणूनच सुलेका जवाद यांचे ‘बिट्वीन टू किंगडम्स’ हे २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आजार उघडपणे जगण्याने काय मिळते आणि त्याची काय किंमत द्यावी लागते, या दोन्ही बाजूंचा हिशेब या पुस्तकात आहे.

लेखिकेचा जन्म १९८८ सालचा. आई स्विस, वडील ट्युनिशियाचे. प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेऊन ती नोकरीसाठी पॅरिसला गेली. पायांना सुटणारी खाज आणि न संपणारा थकवा ही तरुण वयातल्या दगदगीची लक्षणे समजली गेली. २०११ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. दीर्घकाळ जगण्याची शक्यता शंभरात पस्तीस, असे तिला सांगण्यात आले. पुढची चार वर्षे न्यूयॉर्कमध्ये केमोथेरपी, धाकट्या भावाने दिलेल्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण आणि पुन्हा केमोथेरपी यांत गेली. याच काळात, २०१२ पासून, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ‘लाइफ, इंटररप्टेड’ या नावाने तिने आपल्या आजाराविषयी स्तंभ लिहिला.

आजारावर लिहिणाऱ्या लेखिकांची एक परंपरा तिच्यामागे उभी आहे. सुझन सोंटाग यांनी १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हा प्रबंध लिहिला, तेव्हा त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेल्या होत्या. पण ग्रंथात त्याचा उल्लेखही नाही. निरोगी माणसांचे एक राज्य आणि आजाऱ्यांचे दुसरे, ही जवाद यांच्या शीर्षकातील कल्पना सोंटाग यांचीच आहे. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी १९८०च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये ‘मी’ पुढे आणला आणि शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरण्याचे नाकारले. या दोघी रोगाला सामोऱ्या गेल्या त्या प्रौढपणी, लेखनातले आपले स्थान निश्चित झाल्यावर. जवाद यांच्यापाशी आयुष्याची मांडामांडसुद्धा झालेली नव्हती. तरुण मुलीच्या आजाराचे दुःख याच ठिकाणी वेगळे होते. एक उदाहरण पुरेसे आहे. उपचारांमुळे मातृत्वाची शक्यता संपू शकते, हे तिला कोणी आपणहून सांगितले नाही; तिने ते स्वतः शोधून काढले आणि केमोथेरपीपूर्वी स्त्रीबीजे गोठवून ठेवली. या निर्णयाविषयी आपल्यापैकी अनेकांचे मत निराळे असेल. पण जीव वाचवण्याच्या घाईत मुलीशी हा विषय बोलायलाच कोणी धजत नाही, ही खंत आपल्यालाही परकी नाही.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य मात्र उत्तरार्धात आहे. उपचार संपतात, लोक अभिनंदन करतात, आणि लेखिकेला आता जगायचे कसे, हेच कळेनासे होते. ज्या तरुणाने तिची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली, त्याच्याशी असलेले नाते तुटले आहे. आजारात जिवलग झालेल्या मैत्रिणीला मृत्यूने नेले आहे. शरीर थकलेले, मन भेदरलेले. शुभवर्तमानातील लाजरसाची इथे आठवण होते. थडग्यातून बाहेर आल्यावर तो बेथानीला पंगतीस बसल्याचे योहान सांगतो. लोक त्याला पाहायला जमतात. पण लाजरसाच्या तोंडी एकही शब्द नाही. परत आलेल्या माणसाला काय वाटते, हे विचारायचे कोणालाच सुचत नाही. जवाद यांनी ते न विचारलेले उत्तर दिले आहे.

बरी झाल्यावर ती गाडी चालवायला शिकते आणि ऑस्कर नावाच्या कुत्र्याला घेऊन शंभर दिवसांच्या, सुमारे पंधरा हजार मैलांच्या प्रवासाला निघते. तिचा स्तंभ वाचून ज्यांनी पत्रे पाठवली होती, त्यांना भेटणे हा प्रवासाचा हेतू. मुलाने आत्महत्या केलेली एक आई, टेक्ससच्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेला कैदी, अशी ही माणसे. यांतील अनेकांना कर्करोग झालेलाच नाही. तरी जगणे मध्येच थांबणे म्हणजे काय, हे ते जाणतात. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, त्या कैद्याला देहदंड दिला गेला. स्वतःचे दुःख सांगून मोकळे होणे तुलनेने सोपे असते. ते वाचून ज्यांनी आपले दुःख लिहून पाठवले त्यांच्या दाराशी जाऊन ऐकणे कठीण. लेखिकेचा उघडपणा या ऐकण्यापाशी पूर्णत्वाला जातो.

उणिवा नाहीत असे नाही. प्रवासातील भेटी कधीकधी फार थोडक्यात आटोपतात. एका माणसाशी ओळख व्हावी, तोच गाडी पुढे निघते. नामांकित रुग्णालय आणि मोठ्या वृत्तपत्रातील जागा सर्वांच्या वाट्याला येत नाही. याची जाणीव लेखिकेला आहे, पण ती आणखी खोलवर हवी होती. आणि एक गंभीर प्रश्न उरतो. ज्याला ती ‘विल’ म्हणते, त्या शुश्रूषा करणाऱ्या तरुणाची बाजू आपण तिच्याच तोंडून ऐकतो. स्वतःचा संताप आणि स्वार्थ तिने लपवलेला नाही, हे खरे. तरी आपले दार उघडताना शेजारचेही उघडले जाते, हा प्रश्न कोणत्याही प्रांजळ आत्मकथनाला चुकवता येत नाही.

पुस्तकानंतरची हकिकतही सांगायला हवी. २०२१च्या अखेरीस रोग परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या तोंडावर, संगीतकार जॉन बतीस्त यांच्याशी तिचा विवाह झाला. २०२४ मध्ये रोग तिसऱ्यांदा आला. २०२५ मध्ये तिचे नवे पुस्तक आले. म्हणजे या आत्मकथनाचा शेवट विजयाचा नव्हता, आणि पुस्तकानेही तसा दावा केलेला नाही. दोन राज्यांच्या सीमेवर कायमचे घर करून राहावे लागते, एवढेच ते सांगते.

आपल्या गावातही अशी एखादी मुलगी उपचार संपवून घरी आलेली असते. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात तिला पाहून आपण ‘आता बरी दिसतेस’ म्हणतो आणि पुढे जातो. हे पुस्तक वाचल्यावर आपण तिच्यापाशी क्षणभर थांबलो, आणि ती काय सांगते ते ऐकून घेतले, तर वाचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.