पुरसा आणि शोककविता

आपल्याकडे कुणाच्या घरी मय्यत झाली की माणसे न बोलावता जमतात. कबर खोदण्यापासून कफनाचे कापड आणण्यापर्यंत सारे शेजारी बघतात. तीन दिवस त्या घरातली चूल पेटत नाही, डबे बाहेरून येतात. या रिवाजाला आधारही आहे. इ. स. ६२९ मध्ये मुता येथील लढाईत हजरत जाफर शहीद झाल्याची खबर मदिनेत आली तेव्हा हुजूर (स.) यांनी जाफर यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले. त्यांच्यावर जे ओढवले आहे त्यात त्यांना कशाचेच भान नसेल, हे त्यामागचे कारण. इथपर्यंत आपला समाज कुठे कमी पडत नाही. अडचण जेवणाचा डबा ठेवून झाल्यावर येते. समोर बसलेल्या माणसाशी बोलायचे काय?

आम्ही ऐकत आलो ते असे: सब्र करा, अल्लाहची मर्जी, रडू नका, मय्यतीला तकलीफ होते. चौथे वाक्य सहसा नसतेच. ज्याचे माणूस गेले तो मान हलवतो आणि गप्प होतो. त्याला सब्र आला, असे समजून आपण चप्पल घालतो. जियारत, दहावा, चाळिसावा होतो आणि त्यानंतर त्या घरी मेलेल्या माणसाचे नाव काढणे आपण टाळू लागतो.

हा लेख मात्र रिवाजांवर नाही, कवितेवर आहे. त्याचे कारण आमची स्वतःची एक वाईट कविता आहे, म्हणून आधी तिच्याविषयी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे अब्बा गेले. गुसल देता आले नाही. चेहरा पाहता आला नाही. कबरस्तानात मोजकी माणसे होती आणि पुरसा फोनवरून आला. अम्मीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. एरवी त्या दिवसांत नात्यातल्या बायका घर सोडत नाहीत. त्या वर्षी बरेच दिवस कुणी आलेच नाही. इद्दत संपल्यावर आम्ही अब्बांवर एक मराठी कविता लिहिली. ती एका लहान दिवाळी अंकात छापूनही आली. कवितेत अब्बा छायादार वृक्ष होते, दीपस्तंभ होते, काफिल्याचे सालार होते. अम्मीला वाचून दाखवली. मराठी तिला समजते, तरी कठीण शब्दांचा अर्थ सांगत सांगत वाचली. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "इसमें तेरे अब्बा कां हैं, बेटा?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शोककविता, मर्सिया, त्यांचे प्रकार, शायराचे जन्म-मृत्यू, हे सारे परीक्षेसाठी पाठ केले आणि पुढे मुलांकडून पाठ करवून घेतले. अम्मीच्या त्या प्रश्नानंतर त्याच कविता पुन्हा काढून बसलो. बघायचे एवढेच होते की त्यांत मेलेले माणूस सापडते का, आणि ज्याच्यावर प्रसंग आला त्याला त्या काय देतात.

पहिला गालिब. त्याला सात मुले झाली आणि एकही जगले नाही, हे सर्वांना माहीत आहे. बेगमच्या भाच्याला, जैनुल आबिदीन खान 'आरिफ'ला, त्याने मुलासारखे मानले. तोही १८५२ मध्ये तरुण वयात गेला. त्याच्यावर गालिबने लिहिलेली गजल म्हणजे उर्दूतला एक श्रेष्ठ वैयक्तिक मर्सिया, असे आम्ही वर्गात सांगत होतो. पण सांगताना ती भांडणाची कविता आहे, हे कधी लक्षात घेतले नव्हते. गालिब मेलेल्या पोराशी भांडतो. एकटाच गेलास ना, मग राहा आता काही दिवस एकटाच. काल तर आलास आणि आज निघतो म्हणतोस? जाताना म्हणालास की कयामतच्या दिवशी भेटू. जणू कयामतचा दिवस आणखी कुठला वेगळा असतो! त्यातला एक टोमणा तर थेट बाजारातला आहे. तू देण्याघेण्यात असा कुठला खरा होतास, की मृत्यूच्या फरिश्त्याला आणखी काही दिवस तगादा लावायला लावले नसतेस? आमच्यावर राग असेल, दोस्ताशी भांडण असेल, पण निदान पोरांचे खेळ तरी पाहायचे होतेस. 'आणखी काही दिवस' हाच त्या गजलेचा रदीफ आहे, आणि ती मुदत प्रत्येक शेरात मागून पाहिली जाते.

यात आरिफची एकही थोरवी नाही. तो चांगला शायर होता हेसुद्धा नाही. उधारी वेळेवर न देणारा, रुसणारा, भांडणारा, दोन पोरांचा बाप, एवढाच तो आहे, आणि म्हणून तो आहे. (त्या दोन्ही पोरांना पुढे गालिबनेच वाढवले. कवितेपेक्षा ते काम अवघड होते.) सब्र कर, असे गालिबला कुणी म्हटले असेल का? शेवटच्या शेरावरून वाटते की काहीतरी म्हटले असावे. 'हा अजून जगतो कसा?' असे विचारणाऱ्यांना तो तिथे नादान म्हणतो; मरणाची इच्छा करीत आणखी काही दिवस काढणे आपल्या नशिबी आहे, असे उत्तर देतो. पुरसा द्यायला आलेल्यांना असे उत्तर देण्याची हिंमत आम्हाला झाली नव्हती.

दुसरी कविता इक्बालची, 'वालिदा मरहूमा की याद में'. त्यांची आई १९१४ मध्ये सियालकोटला गेली, कविता पुढे १९२४ च्या 'बांग-ए-दरा'त आली. ही दीर्घ कविता आम्ही फार आदराने शिकवली आहे. आज वाचताना आमचे मत थोडे बदलले आहे. कवितेचा बराच मोठा भाग तत्त्वज्ञानाचा आहे. सारे विश्व तकदीरने बांधलेले आहे, मृत्यू हा शेवट नाही, मातीखालचे बी जसे उगवते तसे जीवन उगवते. परीक्षेत प्रश्न येतात ते याच भागावर. पण ज्याची आई गेली आहे त्याच्या लक्षात राहतात त्या मधल्या काही ओळी, जिथे इक्बाल हकीम राहत नाहीत. आता वतनात माझी वाट कोण पाहील? माझे पत्र आले नाही तर कोण बेचैन होईल? मध्यरात्रीच्या दुआत मी कुणाला आठवेन? जन्मभर तू माझी खिदमत केलीस, आणि मी तुझी करण्यालायक झालो तेव्हा तू निघून गेलीस. लाहोरला नाव कमावून बसलेला मुलगा आणि घरी टपालाची वाट पाहणारी आई. ती एका पत्रात सापडते, साऱ्या तत्त्वज्ञानात सापडत नाही.

तत्त्वज्ञान मात्र सगळे टाकाऊ आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. पुरुषांना रडायला जागा लागते, ती कित्येकदा त्यांना मोठमोठ्या गोष्टी बोलूनच मिळते. अब्बांच्या वालिदा गेल्या तेव्हा अब्बा आल्यागेल्याला तासभर आखिरतविषयी सांगत होते. आम्हाला तेव्हा तो उपदेश वाटला होता.

आता मीर अनीस. आमच्या घरी मजलिसची परंपरा नाही. मातमाविषयी निरनिराळ्या फिरक्यांची मते निरनिराळी आहेत आणि तो इथला विषय नाही. पण मर्सियाच्या बांधणीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चेहरा, सरापा, रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत असे टप्पे होतात आणि त्यानंतर येतो बैन, म्हणजे मागे राहिलेल्यांचा, बहुधा बायकांचा, विलाप. घोड्यांची, तलवारींची एवढी वर्णने करणारा कवी समारोपाकडे येताना रणांगण सोडतो आणि तंबूत येतो. अनीसवर एक जुना आक्षेप आहे की त्याच्या करबल्यातल्या अरब बायका लखनौच्या शरीफ घरातल्या बायकांसारख्या बोलतात. आक्षेप खरा आहे. आम्ही स्वतः एका परीक्षेत तो दोष म्हणून लिहून गुण मिळवले आहेत. पण बहीण भावाला निरोप देताना लखनौच्या श्रोत्याला रडू यायचे तर ती त्याच्या घरातल्या बोलीतच बोलायला हवी. अनीसला हे कळत होते. त्याच्या दोन शतके आधी, गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाच्या काळात, दखनीतही मर्सिये लिहिले जात होते, ते याच कारणाने. हालीने 'मुनाजात-ए-बेवा'त विधवेला बोलते केले तेव्हा भारी फारसी शब्द बाजूला ठेवले आणि तिला घरातल्या बाईच्या भाषेत थेट खुदाशी बोलू दिले. ती बाई कुठल्याही घरातली असू शकते.

आपले घोडे इथेच अडते. आपल्या घरात दुःख दखनीत, कोकणीत, गावच्या मराठीत बोलते. आमची नानी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यांत मेलेल्या भावाला ती नावाने हाक मारायची. तेच दुःख कागदावर यायचे झाले की आपण त्याला कपडे चढवतो. उर्दूत लिहायचे तर 'सानिहा-ए-इर्तिहाल', मराठीत लिहायचे तर 'भावपूर्ण आदरांजली'. गेल्या काही वर्षांत आपल्या अंकांत मरहूम आई-वडिलांवर, उस्तादांवर, कार्यकर्त्यांवर ज्या कविता आल्या त्या आम्ही मुद्दाम काढून वाचल्या. नावे घेत नाही, कारण त्या यादीत आमचीही कविता आहे. नव्वद टक्के नसेल पण निम्म्याहून जास्त कवितांतले नाव बदलून दुसऱ्या कुणाचे टाकले तर काहीही बिघडत नाही. सगळे दीपस्तंभ, सगळे वटवृक्ष. कोणी खोकत नाही, कोणी चहात बशी बुडवत नाही, कोणाची कोणाशी अबोला धरण्याची सवय नाही. मरहूमांविषयी वाईट बोलू नये, हे ठीक. पण आरिफची उधारी काढून गालिबने त्याची बदनामी केली, असे कुणाला वाटते का?

मराठीत गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता आहे. मूल मेलेले आहे आणि आई ते मानत नाही. तो निजला आहे, गोंगाट करू नका, म्हणते. ही कविता अतिभावुक आहे, अशी टीका आम्ही बी. एड. च्या वेळी एका मराठीच्या मित्राकडून ऐकली आणि मान्यही केली. नंतर वर्गात एक प्रसंग घडला. आठवीला दरवर्षी 'मेरे वालिद' हा निबंध देतो. मुले गाईडमधून उतरवतात. एका मुलीचे वडील त्याच वर्षी रमजानमध्ये गेले होते. निबंध देताना आम्हाला ते सुचले नाही, ही पहिली चूक. तिने निबंध लिहिला. वडील सकाळी उठतात, टपरी उघडतात, संध्याकाळी माझ्यासाठी खारी आणतात. सगळा वर्तमानकाळात. गाईडमधले एकही वाक्य नव्हते. आम्ही लाल शाईने प्रत्येक 'हैं' खोडून 'थे' केले आणि दहापैकी सहा गुण दिले.

ती काही बोलली नाही. वही घेऊन जागेवर गेली. पुढे आम्ही 'राजहंस' पुन्हा वाचली तेव्हा त्या आईच्या हट्टात भावुकपणा दिसला नाही, त्या मुलीची वही दिसली.

सब्राचा विषय निघाला की आपण हजरत याकूब यांचे नाव घेतो, 'सब्र-ए-जमील' त्यांच्याच तोंडी आहे म्हणून. पण ज्या सूरा यूसुफमध्ये ते आहे, तिथेच असेही आहे की यूसुफच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरचे त्यांना म्हणतात, तुम्ही यूसुफची आठवण काढत काढत झिजून जाल. ते उत्तर देतात की मी माझे दुःख अल्लाहजवळच बोलतो आहे. म्हणजे सब्र आणि आठवण ही दोन्ही एकाच माणसाकडे होती, आणि आठवण नको होती ती भोवतालच्यांना. हुजूर (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून एका सहाबींना आश्चर्य वाटले. ही रहमत आहे, असे उत्तर मिळाले. आपल्या खुतब्यांत हे येते. पुरसा देताना आपण ते घरी ठेवून जातो.

मग पुरसा द्यायचा कसा? कवितेकडून एवढेच कळले की गेलेल्या माणसाविषयी विचारावे. त्याला खायला काय आवडायचे, तो कशावरून चिडायचा, शेवटी कोणाची आठवण काढली. दुःखात असलेला माणूस हे सांगायला तयारच बसलेला असतो, विचारणारा मिळत नाही. हे आम्ही अम्मीवरच करून पाहिले, तेही बरेच उशिरा. आधी ती म्हणाली, क्या पूछती दुनिया, चले गए. मग भाजी निवडता निवडता बोलू लागली. अब्बा वर्तमानपत्राची घडी घालून ताटाखाली ठेवायचे, दस्तरखान असले तरी. कलिंगडावर मीठ टाकून खायचे आणि बिया मोजायचे. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघांचे एसटी स्टँडवर भांडण झाले, अब्बा रागाने एका गाडीत चढले, ती दुसऱ्या गाडीत, आणि दोघे आपापल्या गाडीने एकाच गावी पोचले. हे सांगताना ती हसली, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिली. आम्ही सब्र करा म्हटले नाही.

हे सगळे वहीत लिहून ठेवले आहे. त्याची कविता अजून झालेली नाही. त्या मुलीची निबंधाची वही मात्र वर्ष संपायच्या आत मागून घेतली आणि लाल शाईवर व्हाइटनर लावून 'थे' चे पुन्हा 'हैं' केले. गुण किती दिले ते आता तिलाही आठवत नसेल.